पाचपट भाव आणि धुऱ्यावरचे साग

समृद्धी महामार्गाची आखणी धामणगाव रेल्वे तालुक्यातून गेली आणि आमचं वावर मधोमध सापडलं. गावात एकच चर्चा, पाचपट भाव! आकडा हवेतला नव्हता. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे तेव्हा ग्रामीण भागात बाजारभाव दुप्पट धरायचा, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे चौपट. थेट खरेदीला, म्हणजे आपणहून खरेदीखत करून द्यायला, राजी झालं की त्यावर आणखी 25 टक्के. पण पाचपट कशाच्या? रेडीरेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, नाहीतर मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं, त्यावरून. आणि मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात भाव कमी दाखवायची आमच्याकडची रीत जुनीच.

दरावर भांडण्यापेक्षा मी संयुक्त मोजणीवर, म्हणजे जमीन, झाडं, विहिरी जागेवर मोजून नोंदवतात त्यावर, नजर ठेवली. तिथं मात्र बरंच ठरतं. बाबांनी स्वतःच्या पैशानं खोदलेली विहीर सातबाऱ्यावर नव्हतीच. मोटारीचं वीजबिल दाखवलं, शेजाऱ्यांचे जबाब दिले, तेव्हा ती पंचनाम्यात आली. पाइपलाइन जमिनीखाली, दोन जागी खोदून उघडी करून दाखवली. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, सागांवरून शेजारचे काका अडले, "अर्धे माये लिवा." शेवटी एकाआड एक झाड वाटून घेतलं. पंचनामा पूर्ण वाचून घेतल्यावरच सही केली.

खरा वेळ गेला तो वारसांत. सातबाऱ्यावर आत्यांचीही नावं. दादाचं म्हणणं, हक्कसोड करून घेऊ. मोठी आत्या म्हणाली, "आतापावतर कोनी इचारलं नाही, आता सही पायजे का रे?" माझ्या मते तिचं बरोबरच होतं. हिस्से ठरले, बँकेचा पीककर्जाचा बोजा फेडून कमी केला, मग सगळे एकाच दिवशी खरेदीखत नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे बसलो. पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात आले.

थेट खरेदीची एक बाजू कुणी आपणहून सांगत नाही: खरेदीखत एकदा झालं की वाढीव मोबदल्यासाठी दाद मागायची वाट जवळपास बंदच. संपादनाच्या निवाड्यावर ती असते. म्हणून झाडं, विहीर, पाइपलाइन सगळं मूल्यांकनात आलंय का, हे मी सहीआधी खरेदीखताच्या मसुद्याशी ताडून पाहिलं.

आता रस्त्यापलीकडे तुकडा उरलाय. कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्र बदलल्याची मोजणी खात्यातली नोंद, होऊन त्याचं क्षेत्र सातबाऱ्यावर दुरुस्त झालं की पुढच्या पीककर्जाचं बघू.