माळवदावरचं ऑफिस

२२ मार्च २०२५, शनिवार

घराचं मातीचं छत, म्हणजे माळवद, उतरवून स्लॅब टाकायचाय, म्हणून सकाळीच माणसं लागली. पांढरी माती घमेल्या-घमेल्यांनी खाली आली, तुळया अंगणात रचल्या. शिडीपाशी खिळ्याला गुंडाळलेली पिवळी वायर निघाली, ती मी घरात आणून ठेवली.

लॅपटॉपसाठी ती वायर अण्णांनी माळवदावर ओढली त्याला आज बरोबर पाच वर्षं झाली. जनता कर्फ्यूचा रविवार होता. मी तीन दिवस आधी पाठीवर लॅपटॉप घेऊन पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपनीतून गावी आलो होतो. घरात फोनला रेंजची एक काडी, माळवदावर तीन. म्हणून बाज वर चढवली, लिंबाच्या सावलीला चादरीचा आडोसा केला आणि सोमवारी सकाळी लॉगिन केलं.

कंपनीतही तेव्हा धांदलच होती. घरून कंपनीच्या नेटवर्कात शिरायला लागणारी व्हीपीएनची लायसन्स सगळ्यांना पुरत नव्हती, म्हणून पाळ्या लावल्या. ज्यांच्याकडे डेस्कटॉप होते त्यांच्या घरी ते गाडीत घालून पोचवले. क्लायंटचा डेटा घरून उघडायचा तर प्रत्येक नावाला लेखी मंजुरी. बीपीओवाल्यांना, म्हणजे कॉल सेंटरवाल्यांना, घरून कॉल घेण्यासाठी दूरसंचार खात्याचे नियम आडवे येत, ते १३ मार्चला सैल झाले होते. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला १ कोटी लोक मीटिंगला बसत, मार्चमध्ये तो आकडा २० कोटींवर गेला. त्यातला एक मी, डोक्याला ओला पंचा बांधून.

माय खालून विचारायची, "कोणाशी बोलायलास रे एवढ्या रातीला?" अमेरिकेचा कॉल म्हणजे काय, ते तिला आठवडाभरात कळलं. मग कॉल चालू असला की शेजारच्या लेकरांना ती अंगणात ओरडू द्यायची नाही. लाइट गेली की लॅपटॉप दोन तास चालायचा. त्याआधी काम उरकायचं, नाहीतर डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज टाकायला अण्णा अंधारात जायचे. जूनमध्ये अंबाजोगाईची दुकानं उघडली तेव्हा त्यांनी घरातला हरभरा विकून इन्व्हर्टर आणला. आमच्या सॉफ्टवेअरचं एकही रिलीज चुकलं नाही. वरिष्ठांनी मेलमध्ये 'टीमने दाखवलेली लवचिकता' असं लिहिलं होतं. त्या टीममध्ये माय आणि अण्णा होते, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. लातूरची माझी सहकारी तर मांडीवर तान्हं लेकरू घेऊन टेस्ट केसेस चालवायची, कॅमेरा बंद ठेवून. तिच्या सासूचं नावही कुठल्या मेलमध्ये आलं नाही.

८ मे २०२० ची सकाळ मात्र अजून अंगावर येते. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला रुळाने चालत निघाले होते. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. रुळावर पडलेल्या भाकरींचा फोटो मी माळवदावर बसून पाहिला आणि पाच मिनिटांनी स्टँडअपला, टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, 'नो ब्लॉकर्स', म्हणजे कामात काही अडचण नाही, असं म्हणालो. माझं काम बॅगेत मावत होतं, पगार महिन्याला खात्यात पडत होता. त्यांचं काम भट्टीपाशी होतं. 'आपण सगळेच जुळवून घेतोय' असं त्या दिवसांत कुणी म्हणालं की मला बोलवत नसे.

टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं, २०२५ पर्यंत २५ टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात लागणार नाहीत. त्याच कंपनीने २०२३ मध्ये आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. आम्हाला सध्या तीन दिवस जावं लागतं. ऑफिसात शिकणं होतं, नव्या पोरांना शेजारी बसून दाखवता येतं, हे मला पटतं. पण अण्णांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन आठवडे घरून काम मागितलं, तर उत्तर आलं की घरून तेवढं काम होत नाही. हे वाचून फार लागलं. माळवदावरून केलेल्या दीड वर्षाच्या कामाचं काय मग?

संध्याकाळी वायरमन आला. नव्या स्लॅबला कुठं-कुठं पॉइंट हवेत, त्याच्या भिंतीवर खडूने खुणा करून घेत होता. माय म्हणाली, "वर एक दे, लिंबाच्या बाजूला. पंख्याचाबी दे."