अतिसंवाहकतेखाली झाकलेलं चुंबकत्व

सीरियम, ऱ्होडियम आणि इंडियम यांचं एक संयुग आहे. अणूंचं प्रमाण १:१:५, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला 'वन-वन-फाइव्ह' म्हणतात. ज्यांतले इलेक्ट्रॉन फार जड असल्यासारखे वागतात, त्या हेवी फर्मिऑनच्या कुळातलं हे माझं सर्वांत आवडतं. सीरियमचा ४एफ, म्हणजे अणूच्या आतल्या कक्षेतला, इलेक्ट्रॉन धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांत गुंतला की ते शेकडो पट जड असल्यासारखे वागू लागतात. गुंतणं कमी पडलं, तर प्रत्येक सीरियम अणू इवल्या चुंबकासारखा राहतो आणि शेजाऱ्यांबरोबर रांग धरतो. दाब दिला की अणू जवळ येतात, गुंतणं वाढतं, रांग मोडत जाते. (यटर्बियमच्या संयुगांत याच्या बरोबर उलट होतं, तिथे दाब चुंबकत्वाला बळ देतो.)

वन-वन-फाइव्ह साध्या दाबाला ३.८ केल्विनखाली अँटिफेरोमॅग्नेट असतं, म्हणजे त्यातले इवले चुंबक एकमेकांना रद्द करतील अशा रांगेत उभे असतात. दाब वाढवत १.६ गिगापास्कलच्या पुढे गेलं की ते अतिसंवाहक होतं, म्हणजे वीज रोधाशिवाय वाहू देतं, हे २००० साली प्रसिद्ध झालं. मग १.८-२ गिगापास्कलच्या सुमारास अतिसंवाहकता वरचढ ठरते आणि चुंबकत्वाची खूण एकाएकी नाहीशी होते. ते खरंच जातं का, याचा छडा मला आमच्या स्वतःच्या स्फटिकावर लावायचा होता.

रोध मोजून इथे काही हाती लागत नाही. अतिसंवाहकता आली की तो शून्यच, त्याखाली काय चाललंय ते कळत नाही. म्हणून विशिष्ट उष्णता मोजायची; पदार्थ एका अवस्थेतून दुसरीत जातो, म्हणजे संक्रमण होतं, तिथे ती उडी मारते. प्रेशर सेलच्या टेफ्लॉन कुपीत, डॅफ्नी तेलात बुडवलेला जेमतेम मिलिमीटरभराचा स्फटिक, त्याला चिकटवलेला बारीक हीटर आणि थर्मोकपल. हीटरमध्ये उलटसुलट प्रवाह सोडायचा आणि स्फटिकाचं तापमान किती हेलकावतं ते लॉक-इन अँप्लिफायरवर, म्हणजे नेमक्या वारंवारतेचा बारीक संकेत वेचणाऱ्या यंत्रावर, वाचायचं. हेलकावा लहान, म्हणजे विशिष्ट उष्णता मोठी. आकडा निरपेक्ष मिळत नाही, कारण आजूबाजूचं तेलही थोडी उष्णता घेतं, पण संक्रमण कुठे होतं ते मात्र स्वच्छ दिसतं.

दाब सांगायला कुपीत शिशाचा तुकडा होता. शिसं एरवी ७.२ केल्विनला अतिसंवाहक होतं, दाबाखाली ते तापमान उतरतं. त्या दिवशी ते पाऊण केल्विन खाली आलं होतं, म्हणजे दाब साधारण २.१ गिगापास्कल. ही मोजणी चुंबक चालू करण्याआधीच उरकायची असते. एकदा चुंबकीय क्षेत्र देऊन काढलं तरी थोडं आत अडकून राहतं, आणि शिशाचं संक्रमण तेवढ्यानेही हलतं.

शून्य क्षेत्रात आलेख देखणा आला. २.२ केल्विनच्या आसपास एकच उंच उडी, खाली सगळं सपाट. माझ्यासोबतच्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, चुंबकत्व गेलंय की नुसतं दिसत नाहीये?"

प्रश्न नेमका होता. उत्तर चुंबकीय क्षेत्राकडेच होतं. क्षेत्र अतिसंवाहकता कमजोर करतं, तेव्हा तिने काही दाबून धरलं असेल तर ते वर यायला हवं. आम्ही स्फटिकाच्या सपाट पातळीत क्षेत्र हळूहळू चढवत नेलं. पहिले काही आलेख तसेच होते, फक्त उडी जरा खाली सरकलेली. काही टेस्लांवर पोचलो आणि त्या उडीहून कमी तापमानाला एक छोटा उंचवटा उठला.

"नॉइज असेल का, सर?"

मलाही तीच धास्ती होती. एवढ्याशा उंचवट्यावर मी सहजासहजी विश्वास ठेवत नाही, आणि कुणी ठेवूही नये. आम्ही हीटरची वारंवारता बदलली, प्रवाह निम्मा केला, तापमान खालून वर आणि वरून खाली नेलं. तो जागचा हलला नाही. मग क्षेत्र आणखी वाढवलं. अतिसंवाहकतेची उडी खाली येत राहिली, पण उंचवटा तिच्यामागे घसरला नाही, उलट जास्त ठसठशीत झाला. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, म्हणजे ती दोन वेगवेगळी संक्रमणं होती. असाच परिणाम २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आहे, मला तो पाठ आहे. तरी आपल्या स्फटिकात तो समोर उमटताना पाहून अंगावर काटा आला. मला या पदार्थाचं वेड आहे ते यासाठीच: दाबाने पुसून टाकल्यासारखी वाटणारी गोष्ट क्षेत्राने परत दाखवली. दाबाचा एकच अक्ष धरून काढलेला नकाशा इथे अपुरा पडतो.

एक शंका उरली होती. हे सगळ्याच दाबांना होतं का? थंड सेलचा दाब बदलता येत नाही. तो खोलीच्या तापमानाला आणायचा, हायड्रॉलिक प्रेसखाली धरून पिस्टन आणखी आत ढकलायचा, नट आवळायचा आणि पुन्हा सगळं थंड करायचं. ते करून आम्ही २.४ गिगापास्कलला पोचलो. यावेळी त्याहून मोठं क्षेत्र देऊनही एकच उडी दिसली. याच दाबाच्या जवळ इलेक्ट्रॉनांचा फर्मी पृष्ठभाग, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या अवस्थांची सीमा, एकदम बदलतो, हे दे हास-व्हॅन आल्फेन दोलनांतून (क्षेत्र बदलताना चुंबकनात होणाऱ्या हेलकाव्यांतून) २००५ सालीच दिसलं होतं. ४एफ इलेक्ट्रॉन तिथे मोकळ्या इलेक्ट्रॉनांत सामील होतो, असा त्याचा अर्थ लावतात. विद्यार्थिनीने लगेच २.२ आणि २.३ गिगापास्कल वहीत लिहून घेतले, कारण उंचवटा नक्की कुठे नाहीसा होतो ते २.१ आणि २.४ च्या मधेच कुठेतरी सापडणार होतं.