तुम्ही विचारलंत म्हणून: नवी बॅग का नाही घेतली?

लेकीची ती चाकांची, वर बसून ओढत न्यायची बॅग दिसली की ओळखीचे लोक हमखास थांबवतात. तिच्या मागच्या चाकाचा खुंटा आणि बॅग बंद ठेवणारा वरचा खटका तुटला होता, ते मी घरीच दुरुस्त केलं: मागच्या चाकांना जाड बोल्ट, वरच्या खटक्यावर पांढरा तुकडा. मग प्रश्न येतो: ‘एवढ्या खटपटीत नवीन नसती का आली?’

आली असती. पण नव्या बॅगेतही चाकाला तोच प्लास्टिकचा खुंटा असता.

आमच्या बॅगेचं चाक बॅगेच्या प्लास्टिकच्या भिंतीतूनच निघालेल्या, करंगळीएवढ्या खुंट्यावर फिरायचं. चार वर्षांचं मूल वर बसलं, आत कपडे-खेळणी भरली आणि फूटपाथच्या कडेवरून बॅग धाडकन खाली आली की तो सगळा दणका त्या खुंट्याच्या मुळाशी जातो. तिथे गोलाई नव्हती, काटकोनी कोपरा होता. अशा कोपऱ्यातच ताण साठतो आणि तडा सुरू होतो. तुटलेल्या जागी प्लास्टिक पांढुरकं पडलं होतं, म्हणजे ते तुटण्याआधी बराच काळ ताणलं जात होतं.

चिकटवायचा विचार मी लगेच सोडला. बॅगेच्या आतल्या बाजूला त्रिकोणात ५ चा आकडा होता, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक. त्याच्यावर सुपरग्लू किंवा इपॉक्सी नीट धरतच नाही, दोन दिवसांत पापुद्र्यासारखं सुटून येतं.

पुण्यातल्या हार्डवेअरच्या बाजारातून, बोहरी आळीतून, ८ मिलिमीटरचे बोल्ट आणले, अर्ध्याच लांबीला आटे असलेले. हे मुद्दाम. चाक गुळगुळीत भागावर फिरलं पाहिजे, आट्यांवर फिरलं तर भोक खरवडून मोठं होतं. बोल्टऐवजी दोन्ही चाकं आडवी जोडणारा एकच लोखंडी आस टाकला असता तर काम सोपं होतं. पण ही बॅग शिंपल्यासारखी दोन अर्ध्यांत उघडते, आस मधे आला तर ती उघडणारच नाही. म्हणून प्रत्येक भिंतीला आतून ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी लावली, म्हणजे बोल्टचा भार एका भोकावर न येता भिंतभर पसरतो. भिंतीच्या बाहेरून एक नट, आतून नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा नट. दोन्हींच्या मधे भिंत आणि पट्टी घट्ट आवळली जाते, चाक मात्र मोकळं राहतं. आत डोकावणारे आटे कापले, कानस मारली, वर रबराची टोपी बसवली. मुलांच्या वस्तूत टोकदार धातू राहता कामा नये, याबाबत मी अजिबात सूट देत नाही.

खटक्याचं काम मला जास्त आवडलं. बॅगेला दोन खटके असतात आणि एक शाबूत होता. तो कागदावर गिरवला आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या पॉलिथिनच्या चॉपिंग बोर्डातून तसाच कापला. ते प्लास्टिक वाकतं पण तुटत नाही, आणि खटक्याच्या जिभेला नेमकं तेच लागतं. मूळ जीभ जिथे काटकोनात वळत होती तिथे मी कानशीने गोलाई दिली.

‘थ्रीडी प्रिंट का नाही?’ असंही विचारतात. त्यासाठी सर्रास वापरलं जाणारं पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. मे महिन्यात उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या बॅगेसाठी मला त्याचा भरवसा नाही.

मुलाने वर बसायच्या बॅगेची ही कल्पना मुळात रॉब लॉ या ब्रिटिश डिझायनरची, ट्रंकी नावाने बाजारात आली. २००६ साली बीबीसीच्या ‘ड्रॅगन्स डेन’ कार्यक्रमात, जिथे उद्योजक आपल्या धंद्यासाठी पैसे मागतात, एका गुंतवणूकदाराने पट्टा जोरात ओढला आणि त्याचा हुक सगळ्यांसमोर निघाला. पैसे मिळाले नाहीत, तरी बॅग जगभर गेली. पुढे त्या कंपनीने सुटे भागही विकायला ठेवले, आणि माझ्या मते त्यांचं सर्वात मोठं शहाणपण ते. आमची बॅग त्याच धाटणीची, पण दुसऱ्याच कुणाची. तिचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत. मुलं बसणार अशी वस्तू विकणाऱ्याने चाक आणि खटका वेगळा विकलाच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

पुढच्या चाकांचे खुंटे अजून मूळचेच आहेत. त्यांच्या मुळाशीही बारीक पांढरी रेघ दिसायला लागली आहे, म्हणून दिवाळीच्या प्रवासाआधी तेही बदलणार आहे. बोल्ट आणून ठेवलेत, पट्टी कापायची आहे.