शुक्रवारची सुट्टी, रविवारचं ऑफिस

मस्कतमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी सकाळी ऑफिस. 2013 पर्यंत सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. त्या काळात भारतातल्या बँकेशी बोलायला, शनिवारचा अर्धा दिवस सोडला तर, आठवड्याचे तीनच दिवस मिळत. आता चार मिळतात. गिरगावात वाढलेल्या माणसाच्या अंगात रविवार किती खोलवर भिनलेला असतो, हे मला इथे येऊन कळलं. दुपारी घरच्या ग्रुपवर भरलेल्या ताटांचे फोटो येतात तेव्हा मी ऑफिसात व्हाउचर तपासत असते, आणि शुक्रवारी मी निवांत असते तेव्हा तिकडे सगळे लोकलमध्ये लटकलेले.

मुंबईला सुट्टीवर गेले की वाडीतल्या बायका बाकीचंच विचारतात. बुरखा घालावा लागतो का? देवपूजा करता येते का? एकटीनं बाहेर पडता येतं का? बुरख्याची सक्ती नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत एवढी अपेक्षा असते. सलवार-कमीज घालणाऱ्या बाईला त्यात वेगळं काही करावं लागत नाही. देव्हारा घरात आहे. जुन्या मस्कतमध्ये, सुलतानाच्या अल आलम राजवाड्याजवळ, मोतीश्वर हे शंकराचं मंदिर आहे आणि महाशिवरात्रीला तिथे रांग लागते. मस्कतच्याच दारसैत भागात कृष्णमंदिर आहे. एकटीनं टॅक्सीनं रात्री घरी आलेली आहे आणि येतेही. पण परक्या देशात रुळणं या प्रश्नांत नसतंच मुळी. ते असतं वेळेत. इथला दिवस नमाज आणि ऊन या दोघांनी आखलेला आहे, आणि आपला दिवस त्यावर बसवायला वेळ लागतो.

शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असतात. दुपारच्या नमाजासाठी दुकानं बंद होतात ती पार उशिरा उघडतात. सुरुवातीला मी मुंबईच्या सवयीनं अकरा-साडेअकराला आरामात बाजाराला निघायचे. आता पहाटेच मत्रा या जुन्या बंदराच्या मासळी बाजारात जातो. तिथे ‘कनद’ म्हणून जी मिळते ती आपली सुरमईच. 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर ती पकडायला बंदी असते, म्हणजे आपल्याकडे कोळीवाड्यातल्या होड्या पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात तेव्हा इथे सुरमईचा दुष्काळ. मग त्या दोन महिन्यांत बांगडा आणि कोळंबी. शुक्रवारचं ते कालवण आणि भात जेवायला लागलो, तेव्हा कुठे शुक्रवार सुट्टीसारखा वाटायला लागला.

उन्हाचं सांगते. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो. शेजारच्या केरळी चेचीनं (चेची म्हणजे ताई) उपाय सांगितला: गीझर बंद ठेवायचा. घरातल्या एसीमुळे गीझरमधलं पाणी निवलेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात अंघोळ गरम पाण्याच्या नळानं करायची. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्यानं मनाई आहे. इमारतीच्या सावलीत पुठ्ठे टाकून ओळीनं झोपलेली माणसं त्या वेळी दिसतात. त्यांत बरीचशी आपल्याच देशातली असतात. त्यांचं मस्कत आणि माझं मस्कत एक नाही, हे मी विसरत नाही.

रमजान मात्र खरी परीक्षा. उजेड असेपर्यंत चारचौघांत खाणं-पिणं सगळ्यांनाच मना, मुसलमान नसलेल्यांनाही. स्वतःच्या गाडीत बसून पाण्याचा घोट घेतला तरी कायद्यात सापडता. मुसलमान कर्मचाऱ्यांचे कामाचे तास सहा होतात, सरकारी कामं मंदावतात, ज्या कागदाला एरवी दोन दिवस लागतात तो ईदनंतर मिळेल असं मनाशी धरून चालावं. मी गिरगावातली, रमजान म्हणजे रात्री मिनारा मशिदीजवळ मोहम्मद अली रोडवर जाऊन मालपुवा खाणं, एवढीच माझी ओळख. दिवसाचा रमजान मी पाहिलाच नव्हता. ऑफिसात आम्हा बाकीच्यांसाठी एक खोली असते, दार लावून डबा खायचा. पण पलीकडच्या टेबलावर पाण्याविना बसलेल्या माणसासमोरून डबा घेऊन जाताना मला अवघड होई. ते ओमानी काका वयानं माझ्या वडलांएवढे. एकदा त्यांनीच हिंदीत सांगितलं, “बेटी, जा, खा लो. रोज़ा मेरा है।” त्यांच्याच घरी मग इफ्तारला गेलो. आधी खजूर आणि ताक, मग नमाज, मग जेवण. बायकांची बैठक आत वेगळी. माझ्याशी कुणी धर्माबद्दल बोललं नाही; बोलणं मुलांच्या शाळेचं आणि मुंबईच्या पावसाचं. वेलची घातलेला कहवा चिमुकल्या कपात पुन्हा पुन्हा ओतत राहतात. कप हातात हलवला की पुरे. नुसतं “नको नको” म्हणून थांबत नाहीत.

महिन्याच्या मध्यावर, चौदाव्या रात्री, करंगशूह असतं. नटलेली मुलं ढोलकी बडवत, गाणी म्हणत घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. आता आम्ही आधीच पिशवी भरून ठेवतो आणि मुलीला त्यांच्याबरोबर पाठवतो.

काकांना हिंदी येतं ते उगाच नव्हे. इथे पिढ्यान्‌पिढ्या कच्छी भाटिया व्यापारी आहेत, मत्राच्या समुद्राकाठी, भारतीय उपखंडाशी जुनं नातं असलेल्या लवाती व्यापारी समाजाचा जुना वाडा आहे, आणि मत्राहून मुंबईला गलबतं जात. रिझर्व्ह बँकेनं 1959 मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला, तो ओमानात 1970 पर्यंत चालला. आताच्या रियालचेही हजार बैसा, म्हणजे आपले पैसेच, होतात. इथले एक सुलतान, तैमूर बिन फैसल, 1932 मध्ये गादी सोडल्यावर भारतात राहिले आणि 1965 मध्ये मुंबईतच वारले. पावसाळ्यात कुलाब्याला पाऊस बघायला येणारे अरब मी लहानपणापासून पाहिलेत. त्यांच्या शहरात आपण राहायला जाऊ असं तेव्हा मनातही आलं नव्हतं. काकांना मात्र मुंबईतली हॉस्पिटलं आणि क्रॉफर्ड मार्केट माझ्याइतकंच पाठ आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, मग रेसिडंट कार्ड. ते पोलीस खात्याकडूनच मिळतं. भाड्यासाठी पुढच्या तारखांचे चेक आधी द्यावे लागतात, तेव्हा येताना थोडा पैसा गाठीशी हवा. एक रियाल दोनशे रुपयांच्या वर आहे, त्यामुळे पहिले काही महिने प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीचा गुणाकार होतो. गाडी उजव्या बाजूनं चालते आणि भारतातलं लायसन्स चालत नाही. शिकवणी, मग ड्रम टेस्ट: पिंपांच्या मधून गाडी मागे घेत उभी करायची. त्यानंतर चढावाची, मग रस्त्यावरची. मुंबईत कधी गाडीला हात न लावलेल्या बाईनंही हे शिकावं असं मी आग्रहानं सांगते. अंतरं लांब आहेत, पायी चालण्यासारखं ऊन नाही, आणि गाडी आली की घराबाहेरचं जग आपल्या हातात येतं. नवऱ्याच्या सुट्टीवर अवलंबून राहणाऱ्या बायका इथे लवकर कंटाळतात, हे मी पाहिलंय.

आणखी एक. पुरुषानं ओळख करून देताना हात पुढे केला नाही, छातीवर ठेवला, तर वाईट वाटून घेऊ नये. तो तुमच्या मानासाठीच असतो. आणि कामाचं बोलण्याआधी घरच्यांची ख्यालीखुशाली विचारायची. मुंबईत काउंटरवर “लवकर सांगा” हेच पहिलं वाक्य असतं; इथे त्या घाईनं काम लांबतं. काकांकडे बिलावर सही घ्यायला गेले की आता मी आधी त्यांच्या नातवाचं विचारते.

आई यंदा येणार आहे. तिला जानेवारीत यायला सांगितलंय: हवा गार, रमजानच्या आधी. ग्रँड मशिदीत बाहेरच्यांना सकाळी आठ ते अकरा जाता येतं, शुक्रवार सोडून, म्हणून तिला तिथे मी शनिवारी नेणार आहे. रविवारी मी ऑफिसात असणार. तो दिवस ती आणि चेची मत्राच्या बाजारात काढणार आहेत.