भिडूचा माइक

आठ मेंढ्या, दोन रानडुकरं, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये बहुतेक नकाशांवर एवढ्या भांडवलावर राज्य उभं करायचं असतं. १९९९ चा हा खेळ मी पहिल्यांदा खेळलो तो २००१ साली, दादरच्या एका गल्लीतल्या सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन. तेव्हा आमचा नियम होता की पहिली वीस मिनिटं कोणी कोणावर हल्ला करायचा नाही. सगळे आपापल्या जंगलात शेती करत बसायचे आणि एकविसाव्या मिनिटाला कॅफेवाला म्हणायचा, "चला, टाइम झाला."

२०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत घरात बसून कंटाळलो तेव्हा सेलमध्ये त्याची नवी आवृत्ती घेतली. वय एक्केचाळीस, विमा कंपनीत नोकरी, मुक्काम भांडुप. नाव मोठ्या रुबाबात घेतलं, ‘सरनोबत’. नव्या खेळाडूला सुरुवातीला १००० रेटिंग मिळतं. दीड महिन्यात माझं ६४० झालं.

झालं असं की मधल्या वीस वर्षांत जगभरच्या लोकांनी या खेळाचा काटेकोर अभ्यास करून ठेवलाय. पहिल्या घराला कितवा गावकरी लावायचा, डुकराला कधी बाण मारायचा, मग पळत पळत त्याला टाउन सेंटरपर्यंत कसं आणायचं, सगळं ठरलेलं. माझा गावकरी डुकराला बाण मारून तिथेच उभा राहायचा आणि डुक्कर त्याला मारून टाकायचं. समोरचा दहाव्या मिनिटाला पुढच्या युगात जाऊन तिरंदाज घेऊन दारात हजर, आणि मी अजून मेंढ्या शोधतोय. बायको मागून जाता जाता एकदा म्हणाली, "हे तू मजा म्हणून करतोस ना?"

तिघा अनोळखी साथीदारांबरोबरच्या एका डावात आम्ही चौघंही दणकून हरलो. हरल्यावर लोक सहसा एकमेकांची अक्कल काढतात. पण त्यातल्या एकाने चॅटमध्ये मराठीत लिहिलं, ‘डुकराने मारलं ना? मलापण मारायचं. ये शिकवतो.’ त्याचं नाव होतं पोपट. त्याने मला डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवरच्या एका ग्रुपमध्ये ओढलं. सातआठ जण, सगळे मुंबईच्या आसपासचे. दर गुरुवारी रात्री साडेदहाला जमायचं, कारण तोवर पोरं झोपतात, भांडी झालेली असतात, आणि शुक्रवार एकच दिवस काढायचा असतो.

पोपटने मला तीन गुरुवार फक्त डुक्कर शिकवलं. चिडला एकदाही नाही. "घाई नको. आधी बाण, मग मागे वळ. डुक्कर तुझ्या मागे येणारच आहे, त्याला दुसरं काम नाही." मी त्याला बिनधास्त अरेतुरे करायचो. "अरे पोपट्या, भिंत कोण बांधणार, तुझा बाप?" असं एकदा म्हटल्याचं मला आजही आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात. का, ते पुढे येईल.

सगळ्यात भारी खेळायची ती सूनबाई. कल्याणची, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारी. ती मंगोल घ्यायची आणि घोड्यावरून बाण मारत समोरच्याला इतकं पळवायची की तो माणूस शेवटी वैतागून डाव सोडायचा. खेळताना बोलायची मात्र शिळ्या पोळीच्या चिवड्याबद्दल. गनिमीकावा नावाचा एक विरारचा होता, जो नावाला न शोभेलसा कायम समोरच्या दरवाजातून जायचा. आणि होता भिडू.

भिडूचा माइक कधीच चालू नसायचा. त्याच्या नावापुढे ती लाल तिरपी रेघ कायमची. तो फक्त आकड्यांत बोलायचा. या खेळात टॉन्ट असतात, चॅटमध्ये आकडा टाइप केला की सगळ्यांना एक ठरलेला आवाज ऐकू येतो. १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही. ३ म्हणजे अन्न द्या, ५ म्हणजे सोनं द्या. ११ टाकलं की एक माणूस खदाखदा हसतो. १३ म्हणजे ‘हो हो, टाक खापर नेटवाल्यावर’. १४ म्हणजे ‘सुरू करा की राव आता’. जुलैमध्ये पाऊस लागला की भांडुपचं आमचं नेट दर गुरुवारी मान टाकायचं. मी परत येऊन सबब सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच भिडूचं १३ वाजायचं.

खेळायचा मात्र जीव लावून. माझं सोनं संपत आलंय हे मला कळायच्या आधी त्याला कळायचं. बाजारातून मित्राला माल पाठवला तर त्यातला काही भाग कर म्हणून कापला जातो, तरी हा न मागता पाचशे सोनं पाठवून मोकळा. आभार मानले की ११.

आता इथे माझा गाढवपणा. २०२३ मध्ये आम्ही चार विरुद्ध चार असे बाहेरच्यांशी रँक डाव, म्हणजे रेटिंग वरखाली करणारे डाव, खेळायला लागलो. तिथे बोलणं लागतंच. कोणाकडून घोडे येतायत, भाले कोण बनवणार, हे टाइप करायला वेळ कुठला? दोन डाव असे गेले की भिडूने नकाशावर फ्लेअर टाकून खूण केली होती, पण ती आम्हाला दिसलीच नाही. मी त्याला खाजगीत लिहिलं, ‘माइक घे रे एक. पाचशेत मिळतो.’ त्यावर २. ‘मी घेऊन देऊ का?’ त्यावर ११. मला तो उद्धटपणा वाटला. मग मी बाकीच्यांकडे विषय काढला, की रँक डावांना त्याच्याऐवजी दुसरा कोणी बघू या. सूनबाई म्हणाली, "सरनोबत, तुझा माइक चालू असतो, त्याचा काय उपयोग होतो ते सांग आधी." पोपट एवढंच म्हणाला, "एकदा भेटू या सगळे. मग बघू."

ऑनलाइन माणसांना भेटायचं ठरवणं डुकरापेक्षा अवघड. महिनाभर तारखा पडल्या. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाकडे सत्यनारायण, एका रविवारी माझ्याच मेहुण्याचा साखरपुडा. बायकोने नीट चौकशी केली. "कोण लोक आहेत हे? करतात काय?" आणि माझ्या लक्षात आलं की गनिमीकावा करतो काय, पोपट राहतो कुठे, यांपैकी काहीच मला ठाऊक नाही. कोण हरायला लागला की भिंती बांधतो, हे माहीत. कोणाला दहा मिनिटांनी चहा लागतो, हे माहीत. खरं नाव एकाचंही नाही. सूनबाईने अट घातली, दिवसाढवळ्या आणि गर्दीच्या जागी, आणि ती योग्यच होती. शेवटी फेब्रुवारी २०२४ मधला एक रविवार आणि दादर ठरलं. मुंबईत पश्चिम आणि मध्य रेल्वेमार्गांवरचे लोक एकत्र यायचे म्हटल्यावर दुसरं काय ठरणार?

त्या रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक निघाला. तो नसता तर रविवार वाटलाच नसता. मी पाऊण तास उशिरा पोचलो. तोवर वेगळाच गोंधळ होता. पोपटने सगळ्यांना सांगितलं होतं, "एक नंबरला, पुलाखाली." पण डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे फलाट सलग क्रमांकाने नव्याने मोजले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचा जुना १ नंबर झाला ८. पोपट ८ नंबरवर उभा राहून त्याला १ म्हणत होता आणि बाकीचे खऱ्या १ नंबरवर त्याला शोधत होते. विरारच्या पठ्ठ्याने शेवटी फोनवर विचारलं, "अरे, तू घातलंयस काय?" तर उत्तर आलं, "पांढरा सदरा. आणि टक्कल."

पुलावरून उतरताना मला तो दिसला. साठीच्या पुढचे गृहस्थ, खांद्याला कापडी पिशवी. लोकलचे निवृत्त मोटरमन. म्हणून ते जुने नंबर. दोन वर्षं मी ज्याचा बाप काढत होतो तो माणूस माझ्या वडिलांहून दहाएक वर्षांनीच लहान. मी वाकलोच. "नमस्कार काका, म्हणजे, तुम्ही..." त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं. "हे बघ, अहोजाहो सुरू केलंस तर सोनं बंद."

तरी त्या दिवशी कोणाच्या तोंडून ‘पोपट’ निघेना. ‘काका’ही निघेना. आम्ही बराच वेळ कर्त्याशिवायची वाक्यं बोलत होतो. "बसायचं का?" "चहा घ्यायचा ना?" सूनबाईचा नवरा सोबत आला होता. प्रकाश उपाहारगृहात जागा मिळायला वाट बघावी लागली, मग टेबल वाटून घेऊन साबुदाणा वडा आणि पीयूष झालं. आमचं तिरंदाज विरुद्ध घोडदळ सुरू झाल्यावर त्या बिचाऱ्याने दोन प्लेट संपवल्या आणि "मी जरा मार्केटात जाऊन येतो" म्हणून जो गेला तो सुटलाच.

भिडू सगळ्यात शेवटी आला. पंचविशीतला, किडकिडीत. माझ्या डोक्यात का कोण जाणे, एक घुम्या माणूस तयार झाला होता. याने आल्या आल्या जे तोंड सुरू केलं ते शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पोचेपर्यंत बंद नाही. कुरिअरच्या ऑफिसातल्या गमती, वरळीची दहीहंडी, मी कुठल्या डावात काय माती खाल्ली याची तारीखवार यादी. शेवटी गनिमीकावाच म्हणाला, "अरे मग माइकवर काय होतं तुला?"

"बीडीडी," तो म्हणाला.

मुंबईकराला तेवढं पुरतं. वरळीची बीडीडी चाळ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेली, मधे लांब पॅसेज, दोन्हीकडे खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्याची चाळ पुनर्विकासात पाडली, तेव्हापासून ते संक्रमण शिबिरातल्या खोलीत, तीही तेवढीच. आईवडील, भाऊ, वहिनी आणि हा. वडिलांची ड्यूटी पहाटेची, त्यामुळे दहाला दिवा बंद. हा मोरीपाशी भिंतीला टेकून, लॅपटॉपचा उजेड अगदी कमी करून, कानाला हेडफोन लावून बसायचा. "माइक आहे की माझ्याकडे. हेडफोनलाच आहे. बोलू कुठे?" माऊससुद्धा क्लिकचा आवाज न होणारा, मुद्दाम शोधून घेतलेला. जिंकल्यावर तोंडात रुमाल धरतो म्हणाला, आणि रुमाल काढून दाखवलाही.

मी घेतलेल्या संशयाचं काय करायचं मला कळेना. सूनबाईने माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही. हे तिचे उपकार. मी त्याला फक्त पीयूषचे पैसे देऊ दिले नाहीत, तर तो म्हणाला, "अकरा."

त्यानंतरच्या गुरुवारी पोपटने फर्मान काढलं, रँक डावांत सगळ्यांचे माइक बंद. आम्ही आकड्यांची आपली भाषा बनवली. खेळातल्या टॉन्टांचे अर्थ बदलले. ७ म्हणजे डावीकडून येतायत, ९ म्हणजे भाले बनव, ३० म्हणजे मी मेलो, तुमचं तुम्ही बघा. ३० चा मूळ आवाज आहे धर्मगुरूचं ते ‘वोलोलो’, त्यामुळे मरतानाही हसू यायचं. पहिले चार डाव हरलो. मग जमलं. बोलताना आम्ही निम्मा वेळ एकमेकांना दोष देण्यात घालवत होतो, ते आकड्यांत करताच येत नाही. माझं रेटिंग पहिल्यांदा ९०० च्या वर गेलं ते याच मुक्या महिन्यांत. शिवाय आमच्या घरी शांतता. बायको म्हणाली, "बरी माणसं दिसतायत तुझी."

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट. भिडूच्या घरचे त्यात होते. ग्रुपवर त्याने फोटो टाकला, तो हॉलचा नाही की खिडकीतून दिसणाऱ्या मुंबईचा नाही. दाराचा. आतल्या खोलीचं साधं लाकडी दार, बंद केलेलं.

मग गणपती आले, सामान लागायचं होतं, नेटवाला चार वेळा येतो म्हणून आला नाही. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी साडेदहाला आम्ही लॉबीत बसलो होतो. भिडूच्या नावापुढची लाल रेघ गेली. आधी नुसती खरखर, मग रिकाम्या खोलीत घुमतो तसा आवाज.

"ऐकू येतंय का? हॅलो? ऐकू येतंय का सगळ्यांना?"

मागून बाईचा आवाज आला, "कोणाशी बोलतोयस रे एवढ्या रात्री?"

"आई, मित्र आहेत! दार लाव ना!"

दार लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. पुढे त्याने लिफ्ट, पाण्याचं प्रेशर, बाराव्या मजल्यावरून दिसणारे फटाके, पूर्वीच्या चाळीतले शेजारी आता कुठल्या विंगला गेले, नव्या टाइल्सवरून वहिनी कशी घसरली, आणि २०२३ पासून मी हरवलेले सगळे डाव, हे एका दमात सांगायला घेतलं. आम्ही तयारचं बटण दाबून बसलेलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सूनबाई हसत होती, तिचा माइक चालू होता. वीस मिनिटं झाली तेव्हा वहिनीला बाम लावून झाला होता आणि तो परत लिफ्टवर आला होता.

तेवढ्यात चॅटमध्ये पोपटचा आकडा पडला. १४.