नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत रस्ट: माझा अनुभव

आमची कंपनी शीतगृहांमधील तापमान आणि विजेचा वापर यांची नोंद ठेवणारी यंत्रणा तयार करते. कार्यालय नागपूरच्या आयटी पार्क परिसरात आहे आणि ग्राहक मुख्यतः कळमना बाजाराच्या आसपास व काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात आहेत. शीतगृहातील मीटर मॉडबस प्रोटोकॉलने, म्हणजे यंत्रांच्या आपापसातील संवादाच्या एका ठरलेल्या पद्धतीने, आकडे देतात. भिंतीवरच्या पेटीत बसवलेला छोटा लिनक्स संगणक, ज्याला आम्ही गेटवे म्हणतो, ते आकडे वाचतो, नेटवर्क नसेल तर स्वतःजवळ साठवतो आणि नेटवर्क आले की सर्व्हरकडे पाठवतो. हे सगळे काम सी प्लस प्लसमधील एका जुन्या प्रोग्रामवर चालत होते. तो अधूनमधून बंद पडे. त्यावर नजर ठेवणारी वॉचडॉग नावाची सोय त्याला पुन्हा सुरू करी, परंतु मधल्या वेळेतील नोंदी मिळत नसत. आकडे वाचणारा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारे काम) आणि ते पाठवणारा थ्रेड एकाच बफरचा, म्हणजे आकडे तात्पुरते ठेवण्याच्या मेमरीतील जागेचा, पत्ता धरून बसत आणि त्यांपैकी एकाने मेमरी मोकळी केल्यावरही दुसरा ती वापरत राही. असा दोष कार्यालयातल्या टेबलावर महिनोन्‌महिने दिसत नाही. तो दिसतो मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याच्या पेटीत, आणि तोही रात्री.

मेमरीच्या अशा चुका प्रोग्राम तयार होतानाच पकडणाऱ्या रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा प्रस्ताव मी मांडला तेव्हा संस्थापकांचा पहिला प्रश्न वेगाविषयी नव्हता, तर उद्या ही भाषा कोणी सांभाळणार आहे का, हा होता. ग्रेडन होअर यांनी मोझिलात असताना २००६ साली वैयक्तिक प्रकल्प म्हणून सुरू केलेल्या या भाषेची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र फाउंडेशन उभे राहिले आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ६.१ मध्ये, तिला प्रारंभिक स्थान मिळाले, एवढे त्यांना पुरले. गो भाषेचाही विचार झाला. सर्व्हरसाठी ती आम्हाला पुरेशी वाटली असती, असे माझे आजही मत आहे. मात्र गेटवेवरची मेमरी तुटपुंजी असल्यामुळे तिथे गोमधला गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी प्रोग्राम चालू असताना आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) नको होता, आणि मीटर बनवणाऱ्यांनी दिलेल्या सी भाषेतील लायब्ऱ्यांशी, म्हणजे तयार कोडच्या संचांशी, सतत बोलायचे होते.

संपूर्ण प्रोग्राम नव्याने लिहिण्याचा मोह आम्ही टाळला. मॉडबसचे संदेश उलगडणारा भाग तेवढा रस्टमध्ये लिहिला, त्याची स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्राममध्येच जोडली जाणारी) केली आणि जुन्या प्रोग्राममधून ती सी भाषेच्या पद्धतीने बोलावली. या सीमेवर एक काळजी घ्यावी लागते. रस्टमधील पॅनिक, म्हणजे चूक झाल्यावर काम अचानक थांबवणे, सीमा ओलांडून सी प्लस प्लसमध्ये जाऊ देता येत नाही, त्यामुळे तो रस्टच्याच बाजूला पकडून साध्या त्रुटी-क्रमांकात बदलावा लागतो.

खरा वेळ गेला तो ओनरशिप, म्हणजे रस्टचे मालकीचे नियम, अंगवळणी पडण्यात. प्रत्येक मूल्याचा एका वेळी एकच मालक असतो. ते दुसऱ्याकडे सोपवले की पहिल्याचा त्यावरचा हक्क संपतो. उसने द्यायचे तर एकतर अनेकांना केवळ वाचण्यापुरते, नाहीतर एकालाच बदलण्यासाठी. वाचणाऱ्या थ्रेडने नोंद दुसऱ्या थ्रेडकडे नेणाऱ्या चॅनेलमध्ये टाकली आणि पुढच्याच ओळीत लॉगसाठी तिलाच हात लावला, की कंपायलर, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणारे साधन, ‘ई०३८२’ ही चूक दाखवून थांबतो. ज्या दोषाने आम्हाला रात्रीबेरात्री काटोलला धाव घ्यायला लावली होती, तो असताना कंपायलर आता बिल्डच, म्हणजे प्रोग्राम तयारच, होऊ देत नव्हता. ‘भाऊ, हा कंपायलर आहे की ऑडिटर?’ असे एका सहकाऱ्याने वैतागून विचारले होते. अनुभवी मंडळींना याचा अधिक त्रास झाला. परस्परांकडे बोट दाखवणाऱ्या वस्तूंचे जाळे विणायची त्यांना सवय होती आणि उसनवारीचे नियम तपासणाऱ्या कंपायलरमधल्या बॉरो चेकरला नेमके तेच खपत नाही. नुकत्याच रुजू झालेल्या, महाविद्यालयात फक्त सी शिकलेल्या मुलांचे त्यामानाने लवकर जमले. सुरुवातीला हवे तिथे ‘क्लोन’, म्हणजे मूल्याची वेगळी प्रत, करायची मुभा मी सर्वांना दिली होती. मिनिटाला मूठभर नोंदी येणाऱ्या ठिकाणी त्या प्रतींचा खर्च नगण्य असतो, आणि शुद्धतेच्या आग्रहापायी शिकणारा माणूस खचतो.

कंपायलर काय पकडत नाही, हेही लवकरच कळले. मॉडबसमध्ये बत्तीस बिटांची संख्या सोळा बिटांच्या दोन रजिस्टरांत (मीटरमधल्या कप्प्यांत) विभागून येते आणि आधी कोणते रजिस्टर वाचायचे हे उत्पादकानुसार बदलते. ते उलटे वाचले तरी रस्टच्या दृष्टीने प्रोग्राम निर्दोषच असतो, फक्त विजेचा आकडा हास्यास्पद येतो. दोन थ्रेड एकमेकांनी धरलेल्या लॉकची (एका वेळी एकालाच वापर करू देणाऱ्या कुलपाची) वाट पाहत अडकून बसले, तर तेही ही भाषा थांबवत नाही. म्हणून प्रत्येक मीटरच्या खऱ्या संदेशांवर आधारलेल्या चाचण्या आम्ही वाढवल्या. त्या रस्टसोबत येणाऱ्या कार्गो या साधनातून एका आज्ञेत चालतात, ही सोय आम्हाला भाषेइतकीच मोलाची वाटली.

बिल्डला लागणारा वेळ ही कायमची कुरबुर आहे. रोजच्या कामात पूर्ण बिल्डऐवजी फक्त चुका तपासणारे ‘कार्गो चेक’ चालवून आम्ही तिच्यासोबत जगायला शिकलो. गेटवेवरचे लिनक्स जुने असल्याने नव्या यंत्रावर तयार केलेली फाईल तिथल्या जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर अडून बसे. तिच्याऐवजी मसल ही पर्यायी लायब्ररी वापरून सारे काही एकाच फाईलमध्ये बांधल्यावर ते प्रकरण मिटले.

रस्ट येणारी अनुभवी माणसे नागपुरात जाहिरात देऊन मिळत नाहीत. बहुतेकांची वाट पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरूकडे जाते. त्यामुळे आम्ही सी चांगले येणारी मुले घेतो आणि आधी त्यांना चाचण्या लिहायला बसवतो. गेटवेवरचा प्रोग्राम आता पूर्णपणे रस्टमध्ये आहे. ग्राहकांना दिसणारा डॅशबोर्ड पायथनमध्येच आहे आणि तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही. एका मीटरची लायब्ररी मात्र उत्पादकाकडून केवळ सी भाषेत, तीही मूळ कोडशिवाय मिळते. तिच्याभोवतीचा सगळा ‘अनसेफ’ कोड, म्हणजे ज्याच्या मेमरी-सुरक्षिततेची हमी कंपायलर देत नाही तो, आम्ही एकाच मॉड्यूलमध्ये ठेवला असून, त्या फाईलमधला कोणताही बदल दोघांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही.