सेडमचं टक्कल मधूनच का पडतं, ते सापडलं

जूनच्या सुरुवातीला मी इथे छाती फुगवून लिहिलं होतं, नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) काढला, आता सेडमला, म्हणजे माझ्या त्या जाड पानांच्या सरपटत्या झाडाला, नागपुरात मरण नाही. जूनअखेरच ते शब्द गिळले. हिरव्या नेटखाली 45 अंश सोसलेली अँजेलिना, सेडमचीच एक जात, पहिल्याच झडीत विरघळली.

खोड काळं, हात लावताच पानं गळणं हे तुम्हाला नवं नाही. पण तिन्ही कुंड्यांत सड बरोब्बर मधून सुरू झाली. कडेची झालर ठणठणीत आणि मध्ये टक्कल. बुरशी समजून ‘साफ’ हे बुरशीनाशक दिलं, लिटरला 2 ग्रॅम, दोनदा. मग कुंडीतल्या मिक्समध्ये सिंडर (जळक्या कोळशाचे खडे) वाढवलं. मग कुंड्या पत्र्याखाली सरकवल्या, तर उजेडाअभावी देठ लांबुडके झाले. टक्कल वाढतंच.

शेवटी वैतागून एक कुंडी पालथी केली. आत नर्सरीतला कोकोपीटचा गोळा, जसाच्या तसा! आठ दिवस उघडीप होती, भोवतालचं सिंडर आणि कन्हान नदीची रेती खडखडीत, आणि गोळा पिळला तर बोटांतून पाणी. दोन वर्षं मी मिक्सच्या प्रमाणावरून तुमच्याशी भांडतोय, आणि मूळ रोप त्या मिक्समध्ये कधी उतरलंच नव्हतं. झालर जगली कारण त्या फांद्या सरपटत रेतीत गेल्या आणि तिथे आपली मुळं धरली.

थंडीचं या झाडाला काही नाही, युरोपातला बर्फ झेलतं ते. उलट आपल्या डिसेंबरात ती मस्त केशरी होते. पण हवा घ्यायला पानांची रंध्रं उघडते रात्री, म्हणजे रात्री थंडावा हवा, आणि आपल्याकडे पावसाळ्यातली रात्रही 25 अंशांच्या आसपास. त्यात पायाशी ओला बोळा. नर्सरीवाल्यांचा राग नाही, कोकोपीट हलकं, गाडीत भरायला सोपं. तरी यापुढे मी उघड्या मुळांचंच रोप घेणार, महाग पडलं तरी.

झालरीतून दीड इंचाचे 19 शेंडे कापले, दोन दिवस सावलीत सुकवले, नुसत्या सिंडर-रेतीत खोचले. 14 रुजले! सेडमची दुसरी जात मेक्सिकॅनम तर निर्लज्ज आहे, तुटून फरशीच्या फटीत पडलेला तुकडाही वाढतोय.

आणि मागे कुंड्यांवरच्या पांढऱ्या थराचा विषय निघाला होता ना, त्याचं कारण सापडलं: घरचे कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांत ओतायचे. क्षार. आता बंद.

पुढच्या महिन्यात उथळ ट्रे आणणार होतो. थांबा, हे लिहितानाच सुचलं: कवेलू, छपरावरची कौलं! देशी, अर्धगोल. गच्चीवर थोडं उतरतं ठेवायचं, खालच्या तोंडाशी विटेचा तुकडा, म्हणजे रेती घसरणार नाही आणि पाणी थांबणार नाही. ट्रे रद्द. नागपूरच्या महाल भागात एक जुनं घर पाडताहेत, उद्या सकाळीच पोतं घेऊन जातो. इंग्रजी, चपटे कवेलू मिळाले तर मात्र रिकाम्या हाती परत.